गप्पींचं बाळंतपण

आमच्या घरात अंडं पहिल्यांदा आलं ते माशांसाठी.

या वाक्याचं गांभीर्य कळायला आमचं घर माहीत असायला हवं. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चातुर्मासात लसणालाही उंबऱ्याच्या आत येता येत नाही. केक आणला तर खोक्यावरचा हिरवा ठिपका त्या चष्मा पुसून दोनदा बघतात, आणि दुसऱ्यांदा बघताना दुकानदाराच्या खानदानाची चौकशी करतात. अशा घरात एका गुरुवारी सकाळी माझ्या नवऱ्याने रुमालात गुंडाळलेला अंड्याचा पिवळा बलक आणला आणि सासूबाई म्हणाल्या, "इथे नको, तिकडे ठेव. आणि लवकर आटप, बाळं उपाशी आहेत."

पण मी बारशापासून सुरुवात केली, लग्न राहिलंच.

नवऱ्याच्या ऑफिसात एक वास्तुतज्ज्ञ आहेत. म्हणजे ते अकाउंट्समध्ये आहेत, वास्तू फावल्या वेळात बघतात. ईशान्येला हलतं पाणी ठेवा, असं त्यांनी सांगितलं. आमच्या ईशान्येला चपलांचं कपाट आहे. त्यामुळे दोन फुटी काचेची टाकी, एअर पंप, फिल्टर, दिवा आणि तळाला घालायचे निळे खडे एवढा संसार चपलांच्या डोक्यावर मांडण्यात आला. दुकानदार म्हणाला, "नवीन आहात ना, मग गप्पी घ्या. मरत नाहीत." नवऱ्याने एक नर आणि तीन माद्या घेतल्या. हे प्रमाण दुकानदाराचंच. एकाला एकच ठेवली तर नर दिवसभर तिच्या मागे लागून तिचा जीव नकोसा करतो, तिघींत तो त्रास वाटला जातो. सासूबाईंनी चष्म्याआडून पाहणी केली. नराला मोरासारखं शेपूट, अंगावर नारिंगी-निळे ठिपके. माद्या राखाडी. "या बिचाऱ्या दिवसभर राबलेल्या दिसतात," त्या म्हणाल्या, "आणि हा मेला कुणाच्या तरी लग्नाला निघालाय."

'गप्पी' या नावावरून मराठी माणसाचा हमखास गैरसमज होतो. मासा बडबड्या असेल असं वाटतं, आणि हा तर चोवीस तास गप्प. माझ्या मुलाने शोध लावला की ते मुळात आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ मध्ये तिथल्या तज्ज्ञाने माशाला त्यांचं नाव दिलं. पुढे उघडकीला आलं की १८५९ मध्येच व्हेनेझुएलातल्या माशांवरून एका जर्मन शास्त्रज्ञाने याचं नामकरण उरकलेलं होतं. म्हणजे रेशनकार्डावरचं नाव वेगळं आणि गल्लीत हाक मारायचं वेगळं. सासूबाईंना यात काही नवल वाटलं नाही. त्यांचंही लग्नात बदललेलं नाव फक्त बँकेत चालतं.

आठव्या दिवशी नर गेला. मरत नाहीत म्हणून आणलेला मासा. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "पाणी कुठलं घातलं?" नळाचं. "ताजं?" अर्थात ताजं! आमच्याकडे कालचं पाणी शिळं म्हणून रोज सकाळी झाडांना जातं आणि हंडा घासून नवा भरला जातो. पण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं. एक तर औषधाचे थेंब टाकायचे, नाहीतर बादली भरून उघडी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी वापरायची. मागच्या चार पिढ्यांत आमच्या घरात कुणी मुद्दाम पाणी शिळं केलं नव्हतं. सासूबाई ते करायला लागल्या, पण बादलीवर ताटली झाकून, शेजारच्यांना दिसू नये म्हणून. ताटली काढल्याशिवाय क्लोरीन उडत नाही हे त्यांना सांगायला आणखी एक आठवडा लागला.

तीन विधवा टाकीत फिरत राहिल्या. आणि एके दिवशी पोळ्या लाटता लाटता सासूबाई म्हणाल्या, "त्या मधलीचं पोट बघितलंस?"

मी बघितलं. पोट होतं.

"चौकोनी झालंय," त्या म्हणाल्या. "आज-उद्याच. आणि शेपटाच्या अलीकडे तो काळा डाग बघ, किती गडद झालाय."

माझ्या बाळंतपणात डॉक्टरांची तारीख सहा दिवसांनी चुकली होती, सासूबाईंची एका दिवसाने. त्यामुळे मी वाद घातला नाही. दुकानदारानेही हेच सांगितलं. काळा डाग आणि पुढून चौकोनी दिसणारं पोट ही दिवस भरल्याची खूण. गप्पी अंडी घालत नाही, अंडी पोटातच फुटतात आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात. साधारण चार आठवड्यांचं काम. त्याने नवऱ्याच्या हातात एक प्लॅस्टिकची पेटी ठेवली. तळाला फट असलेली ही पेटी टाकीतच तरंगते. आई वरच्या मजल्यावर, पिल्लं जन्मली की फटीतून खालच्या मजल्यावर.

"खाली कशाला? आईपाशी का नको?" सासूबाईंनी विचारलं.

"आई खाते."

घरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, "पूतना." आता पूतनेने निदान दुसऱ्यांची पोरं मारली होती, पण हे मी मनात ठेवलं. खरं सांगायचं तर त्यात दुष्टपणा काही नाही. तोंडासमोरून लहानसं काहीतरी हललं की ते खायचं, एवढंच तिला माहीत. ते आपल्याच पोटातून आलं, हा हिशेब तिच्याकडे नाही. पण सासूबाईंनी त्या दिवसापासून मधलीशी बोलणं टाकलं. बाळंतपण मात्र निगुतीने केलं. बाळंतिणीच्या खोलीत उजेड नको म्हणून टाकीचा दिवा बंद केला, चपला वाजवायच्या नाहीत असं फर्मान काढलं, आणि चपलांचं कपाट खालीच असल्यामुळे दोन दिवस आम्ही सगळे अनवाणी जिन्यापर्यंत जाऊन मग चपला घालत होतो.

बाळंतपण रात्री पावणेबाराला सुरू झालं. मुलाने टॉर्च धरला होता, त्यावर पातळ फडकं बांधून. एकेक पिल्लू स्वल्पविरामासारखं वळकटी होऊन बाहेर पडत होतं, तळाशी जाऊन क्षणभर पडून राहत होतं आणि मग अंग सरळ करून पोहायला लागत होतं. जिऱ्याच्या दाण्याएवढा जीव, त्यात निम्मे डोळे. शिकवणी नाही, फी नाही. आमचे चिरंजीव पोहण्याच्या क्लासला तिसऱ्या वर्षीही नाक धरूनच उतरतात. ते बघत होते आणि काही बोलत नव्हते. दोन वाजता मोजणी संपली तेव्हा सत्तावीस होती.

सकाळी प्रश्न उभा राहिला: खायला काय?

दुकानदाराने दोन पर्याय सांगितले. एक आर्टेमिया, म्हणजे सूक्ष्म कोळंबीसारख्या जीवाची अंडी. ती मिठाच्या पाण्यात घालून, खालून हवा सोडून, दीड दिवस ठेवली की फुटतात आणि ती पिल्लं या पिल्लांना घालायची. दुसरा, उकडलेल्या अंड्याचा बलक. पहिल्यात एका जीवाला वाचवण्यासाठी शेकडो जीव जन्माला घालून मारायचे होते, त्यामुळे सासूबाईंनी तो ऐकल्याबरोबर बाद केला. दुसऱ्यावर त्या अर्धा तास जप करत बसल्या. उठल्या आणि अटी सांगितल्या. अंडं तळमजल्यावरच्या मालवणी काकूंकडे उकडायचं. पांढरं तिथेच ठेवायचं. पिवळं रुमालात गुंडाळून, लिफ्टने नाही, जिन्याने आणायचं (लिफ्टमधून त्या देवळात जातात). देवघराचं दार लावून घ्यायचं. वाटी, चमचा, फडकं निराळं, आणि चमच्याला ओळखीसाठी लाल दोरा.

रोज सकाळी बलकाचा मोहरीएवढा कण वाटीभर पाण्यात कालवून, फडक्यातून पिळून, ड्रॉपरने चार थेंब. उरलेला बलक जिन्याने परत खाली. काकूंनी पाच दिवस ही वरात पाहिली आणि सहाव्या दिवशी दारात उभ्या राहून मला विचारलं, "गे, एवढे मासे पाळतंस आणि एक पण खाणस नाय?" मी म्हटलं, काकू, फार लहान आहेत हो. त्या म्हणाल्या, "ता दिसताच हा." त्या नजरेत जवळ्याची चटणी होती.

घात सातव्या दिवशी झाला. सासूबाई भजनाला, मी ऑफिसात. नवरा घरी. आमच्या लोकांना वाढता येतं, थांबता येत नाही. "अजून एक घ्या, माझ्या हातचा घ्या" या संस्कारात वाढलेल्या माणसाच्या हातात ड्रॉपर दिला की काय होणार! पिल्लाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. न खाल्लेला बलक तळाला बसतो, सडतो, पाण्यात अमोनिया होतो. संध्याकाळी टाकी पियुष ठेवल्यासारखी दिसत होती. पाव टाकी उपसली, शिळं पाणी भरलं, पुन्हा उपसली. सकाळी अकरा पिल्लं तळाशी होती.

मुलाने ती चमच्याने काढली, लाल दोऱ्याच्या. कढीपत्त्याच्या कुंडीत खड्डा केला. नवरा दोन दिवस जेवताना दुसरी पोळी घेत नव्हता. सासूबाई त्याला रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "वाढणाऱ्याला पान कळावं लागतं, बाळा." आणि यानंतर दुकानदाराने जे सांगितलं त्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. "अहो, मोठ्यांचंच खाणं बोटांनी चुरून पावडर करून टाकलंत तरी चालतं की! सगळे तेच करतात." हे त्याने आधी का नाही सांगितलं? "तुम्ही म्हणालात, चांगल्यातलं चांगलं सांगा."

अंड्याचं प्रकरण मिटलं. सोळा पिल्लं जगली. एका कोपऱ्यात जावा मॉस नावाच्या शेवाळाचा गुंता सोडला, त्यात ती लपायला शिकली. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधला, कारण एकदा एक पिल्लू त्यात ओढलं गेलं आणि दोन दिवसांनी फिल्टर धुताना आतून धडधाकट बाहेर आलं. त्याला आम्ही प्रल्हाद म्हणत असू.

महिन्याने मधली पुन्हा चौकोनी झाली. तिच्या पाठोपाठ बाकीच्या दोघी.

"कसं काय?" सासूबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. नवऱ्याला जाऊन सव्वा महिना झाला होता. मी वाचलेलं सांगितलं. गप्पीची मादी एका भेटीत मिळालेलं नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि त्यातून काही महिने, पाळीमागून पाळी, पिल्लं देत राहते. नर हयात असण्याची अट नाही. सासूबाईंनी हे तपशीलवार ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे वर्षभराचं भरून ठेवलंय." साठवणीचा गहू, तूरडाळ आणि कैरीचं लोणचं यांच्या पंक्तीत त्यांनी ते नेऊन बसवलं आणि मधलीशी बोलणं पुन्हा सुरू केलं.

दिवाळीपर्यंत प्रश्न उलटा झाला होता. पिल्लं जगवायची कशी, याबद्दल दुकानदार, पुस्तकं, माझ्या मावसभावाचा शेजारी, सगळे भरभरून सांगतात. जगल्यावर त्यांचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. त्यात महिना-सव्वा महिन्याची झाली की मुलगे-मुली वेगळे करावे लागतात. पोटाखालचा पर पंख्यासारखा राहिला तर मुलगी, निमुळता होऊन काडीसारखा झाला तर मुलगा. "वेगळे कशाला?" असं मी विचारलं तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझीच लाज वाटली. "एका आईची लेकरं! सगोत्र!" झालं. चपलांच्या कपाटावर मुलींचं वसतिगृह, फ्रिजवर मुलांचं. निवड माझा मुलगा करायचा. चूक झाली की महिन्याभरात कळायचं.

भांडी पुरेनात. आइस्क्रीमचे डबे, बरण्या, मुलाचा जुना आंघोळीचा टब. सासूबाईंनी माळ्यावरून त्यांच्या सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ काढलं, ते शेवटच्या क्षणी अडवलं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण औषध म्हणून पितो, माशांना तेच बाधतं. विसर्जनाच्या वेळी नवऱ्याने नदीत सोडायची कल्पना काढली होती. तीही मुलाने हाणून पाडली. परदेशी मासा, मिळेल तिथे वाढतो, इथल्या माशांची अंडी-पिल्लं खातो. "बाबा, आईलाच जो सोडत नाही, तो नदीला सोडेल का?" त्याचं व्याकरण चुकलं होतं, खाणारी आई असते, पण मुद्दा बरोबर होता.

मग आम्ही स्थळं बघायला लागलो. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला टाकीसमोर उभा करायचा. "किती गोड!" असं म्हणाला की पकडायचा. सुरुवातीला सहा-सात जण सापडले. मग नातेवाईक फोन करून "खालूनच निघतो, वर येत नाही" म्हणायला लागले.

संक्रांतीला माझ्या हळदीकुंकवाच्या वाणाचा विषय निघाला. मी म्हटलं, यंदा स्टीलच्या वाट्या आणू. सासूबाई टाकीकडे बघत होत्या.

बत्तीस बायका आल्या. तिळगूळ, अत्तर, हळदीकुंकू, आणि वाण म्हणून झाकणाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बरणी, आत दोन-दोन गप्पी, सोबत कागदाच्या पुडीत खाणं. पहिलीने "अय्या!" केलं, आणि वाणाला नाही म्हणता येत नाही हे ओळखून उरलेल्या एकतीस जणींनीही तेच केलं. एका संध्याकाळी चौसष्ट! रात्री नवऱ्याने फ्रिजवरचा टब उचलून पुसला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मुलगी उजवल्याचं समाधान होतं.

सकाळी तीन बरण्या मीटरच्या खोलीपाशी सापडल्या. दोन वॉचमनच्या खुर्चीखाली होत्या. वॉचमन म्हणाला, "मॅडम, पूजेचं आहे असं सांगितलं." एकीने बरणी आमच्याच दारात ठेवून बेल वाजवली आणि जिन्याने पळून गेली. चप्पल तुटली तिची, तीही राहिली. मालवणी काकूंनी मात्र त्यांचे दोन परत दिले नाहीत. मी चौकशी केली नाही.

पण खरी घटना फेब्रुवारीतली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, शिक्षिका, अतिशय रीतीच्या. एका रविवारी आल्या, बरणी पुढे केली. "मासे एका मोठ्या भांड्यात छान आहेत हं," त्या म्हणाल्या. "बरणी द्यायची राहिली होती. पण रिकामं भांडं कसं परत द्यायचं?" मी बरणी उजेडात धरली. त्यात जिऱ्याच्या दाण्याएवढी एकोणीस पिल्लं होती. वाणात गेलेली मुलगी पोटुशीच गेली होती. सासूबाई आतून म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, आपलंच चुकलं," आणि हात पुसत बरणी घ्यायला आल्या.

पावसाळ्यात आरोग्य खात्याचे एक गृहस्थ आले, डासांच्या अळ्या शोधायला. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. त्यांनी फ्रिजच्या मागचा ट्रे बघितला, कुंड्यांच्या ताटल्या बघितल्या, आणि टाकीच्या वर शोभेसाठी ठेवलेली मनीप्लँटची बाटली उचलून टॉर्च मारला. बाटलीत अळ्या होत्या. वळवळत होत्या, निरोगी होत्या. अळ्यांपासून शंभरावर भुकेल्या तोंडांपर्यंतचं अंतर एक वीत होतं.

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मॅडम, हा मासा दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो. याच्यासाठी आम्ही टाक्या बांधून पैदास करतो. आणि तुमच्याकडे डेंग्यूचा डास वरच्या मजल्यावर भाड्याने राहतोय." त्यांनी बाटली टाकीत उपडी केली. मिनिटभरात एकही अळी उरली नाही. मधली सगळ्यात पुढे होती. मग त्यांनी दंडाच्या पावतीपुस्तकाला हात घातला, थबकले, आणि विचारलं, "यातले थोडे देता का? समोरच्या बांधकामावर पाण्याचं तळं साचलंय."

साठ गेले, दोन पिशव्यांतून. सासूबाईंनी पिशव्यांना कुंकू लावलं आणि त्यांना दारात थांबवून विचारलं, पाणी नळाचं नाही ना, ऊन फार लागत नाही ना, आणि खायला काय मिळेल?

"आजी," ते म्हणाले, "खायला भरपूर आहे, म्हणून तर नेतोय."

दंड लिहिला नाही, पण मनीप्लँट आता मातीच्या कुंडीत आहे आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस सासूबाई एकादशीसारखा पाळतात. टाकीत सध्या अठ्ठावन्न आहेत, दोघी चौकोनी. वाचकांपैकी कुणाला हवे असतील तर जरूर यावं, चहा टाकते. बरणी आमच्याकडून मिळेल. बरणी परत करू नये, ही कळकळीची विनंती.